वयस्क गिऱ्हाइकाला टेनिसची रॅकेट देताना

खेळाच्या सामानाच्या दुकानात एक ठराविक गिऱ्हाईक संध्याकाळच्या वेळी येते. वय पंचावन्नच्या पुढे, केस पिकलेले, पायात पांढरे बूट. जिमखान्यावर आठवड्यातून तीन-चार दिवस डबल्स खेळणारे हे गृहस्थ म्हणतात, "पूर्वीसारखा हातात जोर राहिला नाही. एखादी चांगली रॅकेट दाखवा." दुकानदार भिंतीवरची सर्वांत हलकी रॅकेट काढून त्यांच्या हातात देतो. ती हातात फुलासारखी वाटते आणि सौदा होतो. तीन महिन्यांनी तेच गृहस्थ कोपराला पट्टा बांधून येतात किंवा पुन्हा येतच नाहीत.

हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. पन्नाशी उलटल्यावर आम्ही अशीच एक हलकी, ताठ रॅकेट घेतली आणि तिच्यावर पॉलिएस्टरचा गट 58 पाऊंडांवर ताणून घेतला. काही आठवडे फटके छान बसले. पुढे मात्र शटरचे कुलूप उघडताना कोपरापासून मनगटापर्यंत कळ जाऊ लागली. डॉक्टरांनी 'टेनिस एल्बो' असे निदान केले. विश्रांती आणि व्यायाम सांगितला. त्या सक्तीच्या सुट्टीत आम्ही रॅकेटच्या गुणदोषांचा थोडा अभ्यास केला. आमच्या वाचकांपैकी जे खेळाचे सामान विकतात किंवा गटिंगचे काम करतात, त्यांच्या उपयोगासाठी तो येथे देत आहोत.

कोपराचे दुखणे फक्त खेळाडूंचे नाही

नाव टेनिसचे असले तरी हे दुखणे रंगारी, सुतार, खाटीक, प्लंबर यांनाही होते. मूठ आवळून तेच ते काम वारंवार केले की मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूस जेथे हाडाला जोडलेला असतो, तेथे झिजतो. चाळिशीनंतर ही झीज लवकर भरून येत नाही. म्हणून वीस वर्षांच्या मुलाला जी रॅकेट मानवते, ती त्याच्या वडिलांना मानवेलच असे नाही.

आराम, ताबा आणि जोर

रॅकेटमध्ये तीन गुण पाहतात. चेंडू लागल्यावर हाताला धक्का किती कमी बसतो, हा आराम. चेंडू मनात धरलेल्या जागी पडतो की नाही, हा ताबा. कमी मेहनतीत चेंडू किती वेगाने जातो, हा जोर. तिन्ही गुण एकाच रॅकेटमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. एक वाढवला की दुसऱ्यात काहीतरी घटते. कोणता गुण किती मिळणार, हे पुढील चार गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट वजन. हलकी रॅकेट हाताला सोपी, हा समज अर्धाच खरा आहे. ती फिरवायला सोपी असते, पण 56 ते 59 ग्रॅमचा चेंडू वेगाने येऊन आदळला की हलकी रॅकेट जास्त मागे ढकलली जाते आणि तो धक्का हाताला सोसावा लागतो. सुताराला विचारा. जाड खिळ्याला हलकी हातोडी वापरली की हाताला झिणझिण्या येतात. हाताला थोडे वजन असावे, पण ते मुठीकडे असावे, टोकाकडे नव्हे. दुकानात तपासण्याची रीत सोपी आहे. साधारण रॅकेट 27 इंच लांब असते. ती साडेतेरा इंचांवर बोटावर तोलावी. मूठ खाली झुकली तर वजन मुठीकडे आहे, तोंड खाली झुकले तर तोंडाकडे आहे. वजन विचारताना ते गटासह आहे की गटाशिवाय, हेही विचारावे. गटाने साधारण 15 ते 18 ग्रॅमचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट फ्रेमचा ताठपणा. ताठ फ्रेम चेंडू लागताना कमी वाकते, त्यामुळे शक्ती वाया जात नाही आणि जोर वाढतो. पण जो धक्का फ्रेमने गिळायचा, तो मनगट आणि कोपराकडे जातो. ताठपणा 'आरए' या आकड्याने मोजतात. साठच्या खाली लवचीक, साठ ते सहासष्ट मध्यम, त्यापुढे ताठ, असा ढोबळ हिशेब आहे. दुखऱ्या हाताच्या गिऱ्हाइकाला सत्तरच्या घरातली फ्रेम देऊ नये.

तिसरी गोष्ट तोंडाचे क्षेत्रफळ. जुन्या लाकडी रॅकेटचे तोंड सुमारे 65 ते 70 चौरस इंच असे. स्कीचा धंदा विकून उतारवयात टेनिसकडे वळलेले अमेरिकन इंजिनिअर हॉवर्ड हेड यांच्या हातात चेंडू मधोमध न लागल्यास रॅकेट वळत असे. त्यांनी तोंड रुंद केले. 1976 साली त्यांना मोठ्या तोंडाच्या रॅकेटचे पेटंट मिळाले आणि प्रिन्स कंपनीने ती बाजारात आणली. तरुण खेळाडू आधी हसले, पुढे सर्वांच्या रॅकेट मोठ्या झाल्या. एका वयस्क, सामान्य खेळाडूच्या अडचणीतून सगळा धंदा बदलला, हे आपल्या व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आज 100 ते 110 चौरस इंच तोंड वयस्कांना योग्य पडते.

चौथी गोष्ट गट. त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

चार रॅकेटची तुलना

बाजारातील चार परिचित नमुने घेऊ. या नमुन्यांच्या आवृत्त्या दर काही वर्षांनी बदलतात, तेव्हा आकडे ढोबळ समजावेत. वजने गटाशिवाय दिली आहेत.

हेड टीआय एस-6 चे तोंड 115 चौरस इंच, वजन सुमारे 225 ग्रॅम, लांबी 27 इंचांहून जास्त. नेटजवळ उभे राहून नुसता हात पुढे केला तरी चेंडू परत जातो, म्हणून डबल्स खेळणाऱ्या वयस्कांत तिला मागणी राहिली. पण ती फार ताठ आहे आणि वजन तोंडाकडे आहे. कोपर ठणठणीत असेल त्यालाच द्यावी.

बॅबोलाट प्युअर ड्राइव्ह 1994 साली आली. 1998 ची फ्रेंच स्पर्धा कार्लोस मोया याने तिच्यावर जिंकली आणि तिचे नाव झाले. तोंड 100 चौरस इंच, वजन 300 ग्रॅम. जोर भरपूर, पण फ्रेम ताठ. तरुण गडी तिच्यावर खूश असतो. वयस्कांनी घेतलीच तर गट मऊ आणि सैल लावावा.

विल्सन ब्लेड 98 चे तोंड 98 चौरस इंच, वजन 305 ग्रॅम. फ्रेम त्यामानाने लवचीक आहे आणि ताबा उत्तम. मात्र जोर खेळाडूने स्वतः लावावा लागतो. ज्यांचा हात पूर्वीपासून घोटलेला आहे आणि पाय अजून पळतात, त्यांच्यासाठी ती चांगली.

विल्सन क्लॅश 100 ही 2019 साली आली. तोंड 100 चौरस इंच, वजन 295 ग्रॅम, ताठपणा पंचावन्नच्या आसपास. हाताला सर्वांत मऊ. काही खेळाडूंना चेंडू लागल्याचे नीट कळत नाही, अशी तक्रार ते करतात. पण कोपर दुखणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी हीच दाखवावी.

खरी किल्ली गटिंगवाल्याच्या हातात

नवी रॅकेट घेणे प्रत्येकाला परवडत नाही. तीच रॅकेट हाताला सोसेल अशी करणे गटिंगच्या कारागिराला जमते आणि त्यात त्याचा हुनर दिसतो.

गिऱ्हाईक म्हणते, "एकदम टाईट करा, फटका बसला पाहिजे." हा उलटा समज आहे. टेनिसचा चेंडू 254 सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर टाकला तर 135 ते 147 सेंटिमीटरच उसळतो. म्हणजे दबल्यावर चेंडू बरीच शक्ती गमावतो. गट मात्र ताणल्यावर बहुतेक सगळी शक्ती परत देतो. गट सैल असेल तर चेंडू कमी दबतो, गट जास्त ताणला जातो, म्हणून जोर वाढतो आणि धक्का कमी होतो. घट्ट गटाने ताबा मिळतो. 58 पाऊंडांवर खेळणाऱ्या वयस्काला आधी 52 वर आणावे आणि पंधरा दिवस खेळून पाहायला सांगावे. चेंडू बाहेर जाऊ लागले तर दोन पाऊंड वाढवावेत.

गटाची जातही महत्त्वाची. जनावराच्या आतड्याचा नैसर्गिक गट सर्वांत मऊ आणि सर्वांत महाग. फ्रान्समधील ल्योंच्या बॅबोलाट घराण्याने 1875 साली टेनिससाठी हा गट बनवण्यास सुरुवात केली. त्याखालोखाल अनेक बारीक धाग्यांचा मल्टिफिलामेंट, मग साधा सिंथेटिक आणि सर्वांत कडक पॉलिएस्टर. 1997 ची फ्रेंच स्पर्धा गुस्ताव्हो कुएर्टेन याने पॉलिएस्टरवर जिंकल्यापासून मुले तोच मागतात. तो सहसा तुटत नाही म्हणून स्वस्त वाटतो. पण त्याचा ताण लवकर उतरतो आणि मेलेला गट न तुटता हात बिघडवत राहतो. पन्नाशीनंतरच्या गिऱ्हाइकाला मल्टिफिलामेंटच सुचवावा.

गटात अडकवण्याचे रबरी बटण फक्त आवाज कमी करते, कोपराला त्याचा उपयोग नाही. औषध म्हणून ते विकू नये.

आमच्या रॅकेटचे पुढे काय झाले? एका जुन्या उस्तादांनी तिचा पॉलिएस्टर कापून मल्टिफिलामेंट लावला, ताण 50 पाऊंडांवर आणला आणि मुठीवर एक ओव्हरग्रिप चढवली. नव्या रॅकेटच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ होता. डॉक्टरांच्या व्यायामाबरोबर हा उपाय झाला आणि काही महिन्यांनी आम्ही पुन्हा कोर्टावर उतरलो.

गिऱ्हाइकाला काय विचारावे

वय किती, आठवड्यातून किती दिवस खेळता, सिंगल्स की डबल्स, कोपर किंवा खांदा दुखतो का, आणि सध्याचा गट कोणता व कधी लावला, हे पाच प्रश्न आधी विचारावेत. मग तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टीने मापून ग्रिप ठरवावी. बहुतेकांची ती सव्वाचार ते साडेचार इंचांत बसते. शक्य असेल तर एक-दोन नमुने चार दिवस खेळायला द्यावेत. आठवड्यातून जितके दिवस खेळ, तितक्या वेळा वर्षात गटिंग, हा जुना हिशेब सांगावा.

दुखणे असेल त्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे. विक्री एक आठवडा पुढे गेली तरी चालेल. ज्या दुकानदाराने आपला हात सांभाळला, त्याच्याकडे हे गिऱ्हाईक दर चार महिन्यांनी गटिंगला येते, नातवाची पहिली रॅकेटही तेथेच घेते आणि जिमखान्यावर चार जणांना त्याचे नाव सांगते.