डोंगरवाटेवरील अल्ट्रामॅरेथॉन: अंतरापेक्षा चढण महत्त्वाची

मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर असते. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. डोंगरवाटेवर मात्र केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांना जोडणारी ‘एसआरटी अल्ट्रा’ हे सह्याद्रीतील त्याचे ठळक उदाहरण होय. तोरण्याची उंची 1403 मीटर. परंतु एक गड उतरून पुन्हा दुसरा चढायचा असल्याने सर्व चढणींची बेरीज हेच श्रमाचे खरे माप ठरते. चढणीवर दम लागतो, तर उतरणीवर मांड्यांचे स्नायू जायबंदी होतात.

अशा दुर्गम वाटेवर वाहन पोहोचत नाही. म्हणूनच ठरावीक टप्पा वेळेत न गाठणाऱ्या स्पर्धकास तेथेच थांबविले जाते. हा नियम त्याच्याच सुरक्षिततेसाठी असतो.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, हे 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात दिसले. 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अकस्मात गारठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. अंगावर तोकडे, पातळ कपडे असलेले धावपटू गारठले. 172 पैकी 21 जण दगावले. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत आसरा देऊन वाचविले.

सह्याद्रीत धावू इच्छिणाऱ्या गोमंतकीयांनी म्हणूनच वाऱ्यापावसापासून बचाव करणारे जाकीट, शिट्टी, विजेरी आणि क्षारयुक्त पेय सोबत ठेवावे. हवामान बिघडल्यास शर्यत अर्ध्यावर सोडण्यात कमीपणा मानू नये.