सीडीआर आणि पंचनामा

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १७ लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे बायका अकराशेच्या वर. चाकरमान्यांच्या जिल्ह्याचं हे गणित जुनंच. पूर्वी त्यांची मनीऑर्डर पोस्टमन आणायचा. आता पैसे थेट खात्यात पडतात आणि मागे राहिलेल्या आईवडिलांच्या हातात स्मार्टफोन आहे. मंडणगड ते राजापूर, नऊ तालुक्यांत अशी घरं पसरलेली. ‘तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, पोलीस मुख्यालयातून बोलतोय’ असा फोन आला, की विचारायला घरात दुसरं माणूस नसतं. चोराला हाच एकांत हवा असतो. म्हणून ‘डिजिटल अरेस्ट’ची पहिली अट: व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कुणाजवळ बोलायचं नाही. अशी अटक कुठल्याही भारतीय कायद्यात नाही. पण घाबरलेला माणूस कायदा कुठे तपासत बसतो?

पैसे गेल्यावर पहिला तास महत्त्वाचा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, की ती २०२१ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेतून संबंधित बँकेकडे जाते आणि बँक ती रक्कम ‘होल्ड’वर टाकते. तोवर रक्कम पुढे सरकली असेल, तर तक्रार पुढच्या बँकेच्या मागे लागते. वाटेतली खाती बहुधा भाड्याची असतात. कुणा गरजू पोराने थोड्या कमिशनसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं, आणि पोलीस सर्वांत आधी त्याच्याच दारात पोचतात. अडवलेली रक्कमही आपोआप परत येत नाही, मोठ्या रकमेसाठी न्यायालयाचा आदेश लागतो. तिथे अनेकांचा धीर सुटतो.

तपासाला खरी सुरुवात होते ती सीडीआरने, म्हणजे कॉलच्या तपशीलवार नोंदींनी. कुणी कुणाला, किती वाजता, किती सेकंद फोन केला, कोणत्या टॉवरवरून, कोणत्या आयएमईआयच्या हँडसेटमधून, हे सगळं त्यात असतं. चित्रपटात पडद्यावर लाल ठिपका लुकलुकतो आणि जीप सुटते. कोकणात ते जमत नाही. टॉवर विरळ, एकेकाचा पल्ला काही किलोमीटरचा, मध्ये डोंगर आणि खाड्या. पाण्यावरून लहर विनाअडथळा जाते, त्यामुळे जयगडच्या फोनने शास्त्री खाडीपलीकडच्या तवसाळच्या बाजूचा टॉवर पकडावा, हे सहज शक्य आहे. म्हणजे माणूस रत्नागिरी तालुक्यात आणि कागदावर गुहागरात! टॉवर लोकेशनवरून माणसाचा परिसर कळतो, त्याचं घर कळत नाही.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल सीडीआरमध्ये दिसतच नाही. मग आयपी पत्ता मागवायचा. मोबाईल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना देतात. नेमका माणूस शोधायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. परदेशी कंपनीच्या नोंदी बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपल्या वेळेतले साडेपाच तास धरायचे राहिले, की भलत्याच ग्राहकाचं नाव समोर येतं. मला विचाराल तर सायबर तपासातली धोक्याची जागा ही आहे, कारण चुकीचं उत्तरसुद्धा छापील आणि अधिकृत दिसतं.

माग नेहमी अशा नोंदींतूनच लागतो असंही नाही. आंबा घाट चढून पलीकडे गेलं की कोल्हापूर. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो हल्ला झाला, त्यातले पैसे तिथल्या एटीएममधूनही निघाले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून एटीएम व्यवहारांना परस्पर मंजुरी मिळवली. बनावट व्हिसा कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी गेले, रुपे कार्डांवर देशात अडीच कोटी, आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. एटीएमसमोर उभं राहून नोटा काढणाऱ्याला तोंड असतं आणि वर कॅमेरा असतो; माग लागला तो तिथून. मालवेअर लिहिणारे पुण्याच्या पिंजऱ्यात उभे राहिलेच नाहीत.

कॅमेऱ्यात दिसलं म्हणून ते न्यायालयात टिकतंच असं नाही. यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आपल्या जालन्यातूनच आला, तोही निवडणुकीच्या वादातून. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतले, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्याच कार्यालयातलं चित्रीकरण. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बीचं प्रमाणपत्र मात्र मागूनही मिळेना. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर त्याला शिक्षा नको, अशी सवलतही ठेवली.

१ जुलै २०२४ पासून त्या कलमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, लिहायची. फाईलमधलं एक अक्षर हललं तरी ही व्हॅल्यू पार बदलते, म्हणून तिला मोल. शिवाय झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास मात्र आजही पोलीस निरीक्षकाखालचा अधिकारी करू शकत नाही. ज्या लहान ठाण्याचा कारभार सहायक निरीक्षकाकडे असतो, तिथला गुन्हा वर पाठवावा लागतो आणि कागदांच्या या फेऱ्यात दिवस मोडतात.

जप्तीचा पंचनामा मात्र गावातच होतो. टेबलावर मोबाईल. कंपनी, रंग, काचेला वरच्या कोपऱ्यात तडा, *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी आयएमईआय, सिमवरचा क्रमांक, एरोप्लेन मोड चालू केल्याची वेळ. मग खाकी पाकीट, लाखेचं सील, लेबलावर दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणून बोलावलेला असतो शेजारचा दुकानदार नाहीतर एखादा सरकारी कर्मचारी. एसएचए-२५६ पद्धतीची हॅश म्हणजे चौसष्ट अक्षरं-आकड्यांची माळ, तीही त्याच्यासमोर लिहिली जाते. खटला उभा राहायला काही वर्षं लागतात. तेव्हा बचावाचा वकील त्याला विचारणार, हॅश म्हणजे काय? तो सांगणार, साहेब, ते माहीत नाही, सही माझी आहे.