समजलं का, असं विचारायचं नाही

सकाळी ८:१५. ग्रामीण रुग्णालयाचं फाटक उघडायच्या आधीच उपाशीपोटी रक्त द्यायला रांग लागलेली असते. शुगर-बीपीच्या ओपीडीत मी समुपदेशक आहे. रक्त दिलेल्या कुणाशीही मी लगेच औषधांचं बोलत नाही. आधी डब्यातली भाकरी खाऊन या, चहा घ्या, मग बसू. शुगर फार उतरलेली असो की फार चढलेली, डोकं नीट चालत नाही. अशा वेळी सांगितलेलं वाया जातं आणि बोल मात्र पेशंटला लागतो.

९:४०. निवृत्त गुरुजी आले. वय ७१. स्ट्रिपवरचं बारीक इंग्रजी ते चष्म्यातून घडाघडा वाचतात. गेल्या खेपेला त्यांना तीन बदल एकदम सांगितले होते: संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन वाढवायची, कोलेस्टेरॉलची नवी गोळी सुरू. त्यांनी मेटफॉर्मिन वाढवली, पण ग्लिमेपिराइड चालूच ठेवली. परवा पहाटे घामाघूम झाले, घरच्या बाईंनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "मला वाचता येतं हो, सिस्टर."

येतंच. वयाबरोबर शब्दसंपत्ती सहसा टिकते. कमी होतो तो नवं काही मनात धरून ठेवण्याचा आवाका आणि विचारांचा वेग. शिकागोतल्या ५५ ते ७४ वयाच्या ८८२ जणांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. औषधं-आजाराची कामं कोण नीट करू शकतं, यात वाचन कमी-अधिक असणाऱ्यांमध्ये जो फरक दिसे, त्यातला बराचसा मुळात स्मरण, तर्क आणि वेग यांचा होता. तो वाचल्यापासून 'शिकलेले आहेत, त्यांना काय सांगायचं' हे वाक्य मी सोडलं. डॉक्टरांना विचारून आज गुरुजींना एकच गोष्ट दिली: संध्याकाळची गोळी बंद. स्ट्रिप त्यांच्याच हातानं पिशवीतून काढून माझ्याकडे ठेवली.

१०:३०. भाजीवाल्या आजी. अक्षरओळख नाही, पण शेरापावाचा हिशेब तोंडी. त्यांच्या गोळ्या कधी चुकत नाहीत. सकाळच्या चुलीजवळच्या डब्यात, रात्रीच्या उशाशी. यंदा मात्र चुकल्या, कारण नव्या खरेदीत कंपनी बदलली आणि बीपीची गुलाबी गोळी पांढरी होऊन आली. शुगरचीही पांढरीच. आजींची सगळी व्यवस्था रंगावर उभी होती. आम्ही ती न विचारता मोडली. बीपीच्या स्ट्रिपला लाल दोरा बांधून दिला.

११:४५. आजचा सगळ्यात जड तास. ऊसतोडीतून परतलेले एक मामा, शुगर ३४०. त्यांच्या केसपेपरवर मागच्या महिन्यात लिहिलंय, 'इन्शुलिन नियमित घेत नाही.' अक्षर माझंच.

आज म्हटलं, मामा, सुई भरून दाखवा. त्यांनी कुपी तळहातांत हलकेच घोळवली, हवा भरली, बरोबर वीसच्या रेघेवर आणली. एकही पायरी चुकली नाही. फक्त सिरिंजचं टोपण नारिंगी होतं.

आपल्याकडे दवाखान्यातून मिळणाऱ्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या औषधाची. तिच्यावरची वीसची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर, म्हणजे या कुपीतले फक्त आठ युनिट. उलटी चूक तर जिवावरची: १०० ची कुपी, ४० ची सिरिंज, वीसच्या रेघेवर पन्नास युनिट पोटात. हा हिशेब दोन आकडे एकदम मनात धरून करावा लागतो. नव्या सिस्टरही त्यात अडखळतात. मामांनी महिनाभर न चुकता स्वतःला टोचून घेतलं आणि मी त्यांना बेफिकीर ठरवलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे ताई, सुई तर बदलून द्या." कागदावरची ओळ खोडून शेजारी सही केली.

२:००. जेवण, नोंदी.

३:१५. नव्या एएनएम मुलींना शिकवणं. "समजलं का?" विचारलं की माणूस भिडेपोटी मान डोलावतो. त्याऐवजी विचारायचं, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" त्यातून जे येईल तेच पोचलं. चुकलं तर आपण नीट सांगितलं नाही म्हणायचं, आणि दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगायचं. एका मुलीनं विचारलं, एवढा वेळ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. ओपीडीत आज ९० जण होते. मी तिला मामांचा केसपेपर दाखवला.

५:३०. गुरुजींना फोन केला.

"गुरुजी, आज काय बदललं?"

"संध्याकाळची गोळी बंद. बाईंनाही सांगितलंय." थोडं थांबून म्हणाले, "आणि ती कोलेस्टेरॉलची?"

"ती पुढच्या मंगळवारी."