गोळी वाढवायची की कमी करायची?

किडनी बदललेल्या माणसाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, अचानक वाढलं की डॉक्टरांसमोर दोन वाटा असतात, आणि त्या अगदी उलट दिशांना जातात. शरीर नवी किडनी नाकारत असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची. पण ‘बीके’ विषाणू किडनीत शिरला असेल, तर तीच औषधं कमी करायची. वरून दोन्ही सारखंच दिसतं.

१९७१मध्ये लंडनमध्ये किडनी बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत हा विषाणू सापडला. त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरूनच विषाणूला ‘बीके’ म्हणतात. तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि शरीरात गुपचूप पडून राहतो. त्याचा सोबती सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे ‘सीएमव्ही’. गोळ्यांमुळे पहारा ढिला पडला की दोघंही डोकं वर काढतात. सीएमव्हीवर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरसारखं औषध आहे. बीकेवर खात्रीचं औषध नाही, म्हणून तो वेळेत सापडणं फार मोलाचं.

इथे अँटिबॉडीची तपासणी उपयोगी पडत नाही. आपल्याकडे सीएमव्हीच्या अँटिबॉडी जवळपास प्रत्येक प्रौढाच्या रक्तात असतात. विषाणू आत्ता वाढतोय का, हे पीसीआर सांगतं. कोरोनात ‘सीटी व्हॅल्यू’ हा शब्द बीडमध्ये घरोघरी पोचला, तीच ही पद्धत. दर फेरीला जनुकीय धाग्याच्या प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर जातात. खूण जितक्या कमी फेऱ्यांत दिसेल, तितका रक्तात विषाणू जास्त. त्यावरून मिलिलिटरमागे आकडा काढतात.

पण एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. सीएमव्ही मोजण्याचं जागतिक मानक २०१०मध्ये ठरलं, तरी दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच असं नाही. एकाच प्रयोगशाळेतही आकडा तिपटीहून जास्त बदलला, तरच तो बदल खरा मानतात. एकदा पुण्यात, पुढच्या वेळी संभाजीनगरात तपासलं, तर विषाणू वाढला की नुसतं यंत्र बदललं, हे कोण सांगणार?

बीडच्या रुग्णाची खरी अडचण हीच आहे. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं आणि माणूस गावी परततो. बीकेची तपासणी मात्र सुरुवातीचे काही महिने दर महिन्याला, मग दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी लागते. घरातले कर्ते ऊसतोडीला गेले असतील, तर सोबत जायलाही कुणी नसतं.

मला वाटतं, प्रत्येक वेळी माणसानंच प्रवास करायची गरज नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन चोवीस तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा आणि बर्फात ठेवून दर वेळी शहरातल्या त्याच एका प्रयोगशाळेत पाठवायचा. एवढं काम अंबाजोगाईत सुरू झालं, तर रुग्णाच्या वहीतला आजचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवून वाचता येईल.