बाळाची सर्दी आणि श्वासाची मोजणी

लोहाऱ्याच्या आयाबहिणींनो, आजीबाईंनो आणि गुरुजीमंडळींनो,

हरभरा घाट्यावर येतो, पहाटे गारठा पडतो आणि पाळण्यातलं बाळ शिंकू लागतं. नाक गळतं, अंग कोमट लागतं. ही सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. दुकानातली खोकल्याची बाटली तान्ह्याला मुळीच पाजू नये.

तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. म्हणून नाक चोंदलं की त्याला दूध ओढता येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाईनचे थेंब नाकात सोडा, मऊ फडक्याने नाक पुसा, आणि थोडं थोडं पण वारंवार अंगावर पाजा. कापूर, बाम, नाकात तेल, वर्षाच्या आत मध, यांतलं काही नको. शेगडी आणि ओव्याची धुरी बंद करा म्हटलं तर आजीबाई रागावतील. पण धूर इवल्या फुप्फुसांचा वैरीच आहे.

मग डॉक्टर कधी? ते बाळाचं पोट सांगतं. पोट उघडं करा, बाळ शांत असू द्या. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा. पाव मिनिट मोजून चौपट करू नका, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, तर वाट पाहू नका. दोन महिने ते एक वर्ष ५०, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा त्याहून जास्त भरले, तरी न्यूमोनियाची शंका घ्यावी.

मोजता येत नाही, म्हणाल? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्यापुढे हीच अडचण आली. सुइणींना एवढे अंक येईनात. तेव्हा वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. गावातल्याच माणसांनी तो ओळखून औषध दिलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, अशी सोय नसलेल्या गावांपेक्षा तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी निघाले. गुरुजी, तुमच्या शाळेतली थोरली बहीण तर शंभरापर्यंत मोजते. तिला हे एकदा दाखवाच.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, कण्हणं, ओठ निळे होणं, दूध न ओढणं, झटके येणं, बाळ मलूल पडणं, यांतलं एकही दिसलं तर मोजत बसू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं, तरी तसंच. ‘डबा झालाय’ म्हणून पोटावर डाग देण्यात रात्र घालवू नका. आशाताईंना हाक मारा, १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. वाटेत बाळाला छातीशी उबेत धरा, आणि श्वास मोजले असतील तर तो आकडा डॉक्टरांना आधी सांगा.