तिसरा आकडा

कागदावर ठिपका काढला की त्याची जागा सांगायला दोन आकडे पुरतात: डावीकडून किती आणि खालून किती. शाळेत आलेखाच्या वहीत आपण सगळ्यांनी हे केलेले असते. ठिपका कागदाच्या आत किती खोल आहे, हा प्रश्न तिथे पडत नाही. पेशीचे त्रिमितीय चित्र समोर आले की मात्र तो पडतो, आणि त्याच्या उत्तरासाठी तिसरा आकडा लागतो. पहिल्या दोघांना एक्स आणि वाय म्हणतात, तिसऱ्याला झेड. गेली काही वर्षे माझे काम या तिसऱ्या आकड्याभोवती फिरते आहे. पेशींच्या चित्रांवरून संगणकावर आराखडे तयार करायचे, ते तपासायचे, गरज पडली तर त्यांची खोली दुरुस्त करायची. या कामात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली: एक्स आणि वाय चित्रात दिसतात, झेड मात्र कोणीतरी ठरवलेला असतो. म्हणून तो कसा बदलला, हे सांगता येणे फार महत्त्वाचे असते.

झेड ठरतो कसा, ते आधी पाहू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे किरण जाड वस्तूतून आरपार जात नाहीत. म्हणून ऊतीचा तुकडा राळेत घट्ट बसवून हिऱ्याच्या पात्याने त्याचे अतिशय पातळ काप काढतात. एक काप साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. प्रत्येक कापाचे छायाचित्र घ्यायचे आणि ती सगळी एकावर एक रचायची. जुन्या पोथीच्या सुट्या पानांसारखी ही थप्पी असते. पान क्रमांक म्हणजेच झेड. पानावर काय आहे ते दिसते. पान कितवे आहे, ते कोणीतरी मोजून लिहिलेले असते.

अशा पोथीवाचनाचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1986 सालचे आहे. केंब्रिजमधील जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट, निकोल थॉमसन आणि सिडनी ब्रेनर यांनी एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीची संपूर्ण चेतासंस्था रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. 302 चेतापेशी, आणि त्यांतली कोणती कोणाला जोडलेली आहे याचा तपशील. हे सारे कापांची छायाचित्रे एकामागून एक पाहत, प्रत्येक पेशीची रेषा एका पानावरून पुढच्या पानावर नेत झाले. आज हेच काम संगणकाच्या पडद्यावर होते, पण मूळ कृती तीच आहे.

या कृतीत खोलीचा आकडा किती नाजूक असतो, ते एका मापावरून लक्षात येईल. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना रासायनिक संदेश देतात, तिथे त्यांच्यामध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते. एक काप 50 नॅनोमीटरचा. म्हणजे झेड फक्त एकाने चुकला, तरी पेशी त्या फटीच्या दुपटीहून जास्त सरकते. जोडलेल्या पेशी सुट्या दिसू लागतात, सुट्या जोडलेल्या दिसतात.

माझ्या टेबलावर येणारे आराखडे बहुधा ‘आयमॉड’ या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेत ते तयार झाले. जेम्स क्रेमर, डेव्हिड मॅस्ट्रोनार्डे आणि रिचर्ड मॅकिंटॉश यांनी 1996 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. ते विनामूल्य मिळते आणि जगभर वापरले जाते. त्यात चित्र एका फाइलमध्ये असते आणि आराखडा दुसऱ्या. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर रेघा काढाव्यात, तसा हा आराखडा. त्यात वस्तू असतात, प्रत्येक वस्तूत तिच्या कडेने फिरणाऱ्या रेषा असतात आणि प्रत्येक रेषेत बिंदू. बिंदू म्हणजे शेवटी तीन आकडे. एका आराखड्यात असे हजारो बिंदू असू शकतात. त्यांची खोली हाताने एकेक करून बदलणे शक्य नसते.

इथे कमांड लाइन उपयोगी पडते. चित्रांच्या खिडक्या बाजूला ठेवून काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असते. नागरीत लिहिली तर अशी दिसेल: ‘आयमॉडट्रान्स -टीझेड 20 जुना.मॉड नवा.मॉड’. अर्थ सरळ आहे: जुन्या आराखड्यातला प्रत्येक बिंदू 20 काप पुढे सरकव आणि निकाल नव्या फाइलमध्ये लिही. आराखडा लहान असो की मोठा, काम काही क्षणांत होते. दोन फाइलींची नावे वेगळी ठेवली की जुनी जशीच्या तशी राहते.

अशी ओळ लिहायची वेळ का येते? सर्वांत साधे कारण म्हणजे मोजायला सुरुवात कुठून केली. आयमॉड पडद्यावर पहिल्या कापाला 1 म्हणते, पण फाइलमध्ये त्याच कापाची नोंद 0 अशी असते. शिवाय पहिल्या चौकटीचा मध्य एक्स आणि वायमध्ये 0.5 धरतात, तर पहिल्या कापाचा मध्य झेडमध्ये 0 असतो. दुसरे सॉफ्टवेअर वेगळा संकेत पाळत असेल, तर आराखडा तिकडे नेताना एका कापाचा किंवा अर्ध्या कापाचा फरक पडतो. आपल्याकडे तळमजला धरून मजले मोजणारा आणि न धरता मोजणारा एकाच इमारतीत एकमेकांना चुकवतात, तसाच हा प्रकार. दोघांचेही मोजणे बरोबर असते. आधी ठरवून घ्यायला हवे एवढेच.

दुसरे कारण, हरवलेले पान. कापांपैकी एखादा फाटतो, दुमडतो, उचलताना निसटतो. समजा, 46व्या आणि 47व्या छायाचित्रांमध्ये एक काप गहाळ असल्याचे मागाहून कळले. तर 47पासून पुढच्या सर्व बिंदूंचा झेड एकाने वाढवायचा, आधीच्यांना हात लावायचा नाही. सरसकट सरकवणारी ओळ इथे कामाची नाही. मग आराखडा साध्या मजकुरात उतरवून घेतात: एका ओळीत एक बिंदू, त्याचे तीन आकडे. त्यावर अट घातलेली छोटी आज्ञा चालवायची आणि मजकुराचा पुन्हा आराखडा करायचा. मात्र मजकुरात फक्त आकडे उतरतात. वस्तूंना दिलेली नावे आणि रंग मागे राहतात, ते पुन्हा द्यावे लागतात. फाइलमधली मोजणी 0पासून असल्याने अट 47ची नव्हे, 46ची घालायची, हेही ध्यानात ठेवायचे.

तिसरे कारण जास्त अवघड आहे, कारण तिथे प्रश्न मोजणीचा नसून खुद्द वस्तूचा आहे. टोमोग्राफी या पद्धतीत 200 ते 300 नॅनोमीटर जाडीचा एकच काप सूक्ष्मदर्शकात थोडाथोडा कलता करून अनेक छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून संगणक आतली खोली काढतो. पण राळेतला काप इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली पातळ होतो. लांबी-रुंदी फारशी बदलत नाही. जाडी मात्र 20 ते 40 टक्क्यांपर्यंत घटू शकते. कापताना 250 नॅनोमीटर असलेला काप चित्रात 175 भरला, तर खोलीला 250 भागिले 175, म्हणजे सुमारे 1.43ने ताणावे लागते. ताणणारी आज्ञाही एका ओळीचीच आहे. पण दुसऱ्या बाजूने आणखी एक विकृती असते. काप साधारण 60-70 अंशांपलीकडे कलवता येत नाही, त्यामुळे काही दिशांची माहिती मिळतच नाही आणि वस्तू खोलीच्या दिशेने थोडी लांबट दिसते. एक कारण खोली दाबते, दुसरे ओढते. अशा वेळी पेशीतच मोजपट्टी शोधावी लागते. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचा व्यास 25 नॅनोमीटर असतो आणि त्या गोल असतात, हे पक्के ठाऊक आहे. कापाच्या पातळीत आडवी पसरलेली नलिका चपटी दिसत असेल, तर झेडला किती ताण द्यायचा याचा अंदाज तिच्यावरून येतो.

इथे क्रमालाही महत्त्व आहे. 100 या खोलीत आधी 20 मिळवून मग दीडपट केली तर 180 येतात. आधी दीडपट करून मग 20 मिळवले तर 170. दोन्ही आज्ञा बरोबर, तरी बिंदू वेगळ्या जागी.

चौथा प्रसंग आरशाचा. थप्पी उलट्या क्रमाने रचली गेली, तर झेडचे चिन्ह बदलावेसे वाटते. पण एकच अक्ष उलटला की डावे उजवे होते. वाय आणि झेड यांची अदलाबदल केली तरी तेच होते. साधी वाटणारी ही गोष्ट किती दूर जाते पाहा. आपल्या श्वासनलिकेतील पेशींवर हलणारे सूक्ष्म केस असतात. आत नलिकांच्या नऊ जोड्या वर्तुळात आणि दोन नलिका मधे. बुंध्याकडून टोकाकडे पाहिले तर जोड्यांवरचे डायनीन या प्रथिनाचे हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेले असतात. स्वीडनच्या ब्यॉर्न अफ्झेलियस यांनी 1976 मध्ये दाखवले की काही रुग्णांत हे केस हलत नाहीत, आणि अशांपैकी जवळपास निम्म्यांचे हृदय उजवीकडे असते. गर्भावस्थेत शरीराची डावी-उजवी बाजू ठरण्यात अशाच केसांच्या हालचालीचा वाटा असतो. डायनीनचे हात उलटे दिसले, तर मी प्रथम आराखड्याचा झेड तपासते. माणूस आरशातला असू शकतो. पण बहुतेक वेळा चित्रच आरशातले असते.

हे सारे फेरफार माउसने पडद्यावर ओढूनही काही अंशी करता येतात. तरी मी ओळ टाइप करणे पसंत करते, त्याचे कारण वेग नाही. माउसने ओढलेली वस्तू नव्या जागी बसते आणि जुनी जागा पुसली जाते. आज्ञेची ओळ मात्र जपून ठेवता येते. कोणत्या फाइलवर, किती, कोणत्या क्रमाने, हे तिच्यात लिहिलेले असते. दहा वर्षांनी दुसरे कोणी तीच ओळ पुन्हा चालवून पाहू शकते, किंवा 1.43 हा आकडा पटत नाही असे म्हणून 1.3 घालू शकते.

साहित्याच्या वाचकांना ही शिस्त परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण केली. वि. स. सुकथनकर यांनी संपादित केलेले आदिपर्व 1933 मध्येच आले होते. त्या आवृत्तीत संपादकांनी वर एक पाठ स्वीकारला आणि टाकलेले पाठ तळाशी छापले. निर्णय त्यांनी घेतला, आणि तो तपासण्याचे साधनही वाचकाच्या हाती ठेवले. खोलीच्या आकड्याबाबतही यापेक्षा वेगळे काही करता येत नाही. झेड कोणीतरी ठरवणारच. काप पातळ होणार, पाने हरवणार, मोजणी कुठून करायची यावर मतभेद राहणार. जुनी फाइल शाबूत ठेवावी, फेरफाराची ओळ तिच्याशेजारी ठेवावी आणि आकड्याचे कारण दोन वाक्यांत लिहावे. पेशीचे चित्र पाहणाऱ्याने मग निर्धास्तपणे विचारावे, ‘हे एवढे खोल आहे हे कशावरून?’ त्याला दाखवायला एक ओळ आपल्याकडे असली पाहिजे.