आधी मुक्काम, मग प्रवास

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादक मंडळाने या वर्षी एक अट घातली : 'गोवर, कावीळ, लसीकरण हे विषय नकोत, तुमच्या मोटारसायकलच्या छंदाविषयी लिहा.' अट मला मानवली. परंतु लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की छंदाविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी जे काही आहे, ते शेवटी आपल्या व्यवसायापाशीच येऊन थांबते. तेव्हा संपादकांनी आणि वाचकांनी क्षमा करावी.

निवासी डॉक्टर असताना, पहिल्या काही विद्यावेतनांतून शिल्लक टाकून मी एक जुनी बुलेट घेतली. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, अशी ती त्या काळची उलटी मांडणी. पुढे व्यवसाय, संसार आणि बालरुग्णांची रात्री-अपरात्रीची बोलावणी यांत ती बरीच वर्षे गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलासारखी उभी राहिली. आमच्या चिरंजीवांनी वैद्यकीय पदवी मिळाल्यावर स्वतःची मोटारसायकल घेतली, तेव्हा तिलाही पुन्हा तेलपाणी मिळाले. कोविडची दोन वर्षे सरल्यावर आम्हा पितापुत्रांनी ठरविले की मोटारसायकलस्वारांच्या एखाद्या मेळाव्यास एकत्र जावयाचे.

बेळगावकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. २०१३ साली 'इंडिया बाइक वीक' वागातोरला सुरू झाला. त्याखेरीज निरनिराळ्या क्लबांचे लहानमोठे मेळावे हिवाळ्यात गोव्यात भरतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली, म्हापसा हा सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा मार्ग आपल्या सर्वांच्या परिचयाचा. २०२२ सालच्या नोव्हेंबरातील एका शनिवारी, अशाच एका क्लबच्या दोन दिवसांच्या मेळाव्यासाठी, आम्ही दुपारी दोन वाजता निघालो. एका लॉजमध्ये खोली सांगून ठेवली होती. चिरंजीवांनी हौसेने घेतलेला तंबू त्यांच्या गाडीच्या मागे बांधलेला होता. तो शोभेचाच आहे, अशी मी थट्टाही केली.

सूर्यास्ताच्या सुमारास वागातोरला पोहोचलो, तो आमची खोली दुसऱ्यास दिलेली. व्यवस्थापकाने दिलगिरी व्यक्त केली. परंतु दिलगिरी पांघरून झोपता येत नाही. मेळाव्याच्या आवारात तंबूंसाठी राखलेली जागा होती, पण तिची नावनोंदणी पंधरा दिवस आधीच संपलेली. स्वयंसेवक मुले सौजन्याने वागली. मात्र दोरीने आखलेल्या त्या जागेत पाऊल ठेवण्यासही वाव नव्हता. एका मुलाने शेवटचा पर्याय म्हणून जनरेटरच्या मागची आठ फुटांची पट्टी दाखविली. तिथे गोंगाट तर होताच, पण धूरही तंबूंच्याच दिशेने येत होता. मी नको म्हटले.

मग आम्ही जागा शोधत हिंडू लागलो. किनाऱ्यावर तंबू ठोकण्याची कल्पना चित्रपटात बरी वाटते. एका रखवालदाराने आम्हांस तिथून उठविले, आणि त्याचे बरोबरच होते. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ सालचा कायदा आहे आणि २०१९ सालच्या दुरुस्तीने अशा ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करण्यासही बंदी आली आहे. माडांच्या एका बागेत जागा दिसली. पण वर पाहिले तो नारळांचे घड लटकलेले. पडीक वाटणाऱ्या एका शेताला कुंपण होते, आणि मालकाचे घर कोणते ते कळेना. खरे सांगायचे तर, चार घरांचे दार वाजवून 'रात्रीपुरती जागा द्याल का?' असे विचारण्याचा मला संकोच वाटला. तीस वर्षे लोक माझे दार वाजवीत आले. आपण दुसऱ्याचे दार वाजविण्याची सवय राहिलेली नव्हती.

नऊ वाजले. मी म्हणालो, "परत फिरू. तीन-साडेतीन तासांत घरच्या गादीवर झोपू."

चिरंजीव म्हणाले, "चालेल, बाबा."

ते 'चालेल' कोणत्या अवस्थेत उच्चारले गेले, हे मला कळावयास हवे होते. त्या वेळी तो निवासी डॉक्टर होता. शुक्रवारी सकाळी सातला वॉर्डात गेलेला, रात्रभर प्रसूतिगृह आणि नवजात शिशुकक्ष यांच्यामध्ये धावलेला आणि शनिवारी दुपारी तिथूनच थेट गाडीवर बसलेला. मधे फार तर तासभर खुर्चीत डोळा लागला असेल. म्हणजे चाळीस तासांच्या जवळपास जागरण. माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक मातेला मी 'बाळ किती तास झोपले?' हा प्रश्न न चुकता विचारतो. स्वतःच्या मुलाला मात्र तो विचारला नाही.

साखळी मागे पडली. वाहतूक विरळ झाली. चिरंजीव पुढे, मी मागे. त्याच्या गाडीचा तांबडा दिवा माझ्यापुढे स्थिर चालला होता. केरी जवळ येत असताना तो दिवा हळूहळू उजवीकडे सरकू लागला. वळण नव्हते, खड्डा नव्हता. तरीही मधली पांढरी रेघ ओलांडून तो तसाच पुढे चालला. समोरून मालट्रक येत होता. मी भोंग्यावरचा अंगठा काढलाच नाही. ट्रकवाल्यानेही भोंगा दिला. अखेरच्या क्षणी तांबडा दिवा झटक्याने डावीकडे आला, रस्त्याखालच्या मातीत गेला, डगमगला आणि थांबला.

त्याने शिरस्त्राण काढले. चेहरा पांढराफटक. "बाबा, काय झाले ते मला कळलेच नाही."

वैद्यकीय भाषेत याला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंद झोपी जातो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी पंचावन्न मीटर जाते, तीही चालकाविना. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. आपल्या मोटारवाहन कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आमच्या चिरंजीवांनी मद्याचा थेंबही घेतलेला नव्हता. परंतु त्या हिशेबाने मी माझ्या मुलास मर्यादेच्या तिप्पट मद्य पाजून घाटाकडे निघालो होतो.

केरीत एका दुकानाची फळी अर्धी लागलेली होती. या वेळी संकोच उरला नव्हता. मी हात जोडून सगळी हकीकत सांगितली. दुकानदार आम्हांस मागच्या घरी घेऊन गेला. ओसरीवर त्याची वृद्ध आई बसली होती. आम्ही दोघेही डॉक्टर आहोत, हे कळल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि सत्तरीच्या त्या कोकणी-मराठी बोलीत जे म्हटले, त्याचा आशय असा : "दोतोर, झोपेने पेंगणाऱ्या पोराला रात्री घाट चढवता? मग तुमचे शिक्षण काय कामाचे?"

परीक्षकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

अंगणात तुळशीचे लग्न नुकतेच होऊन गेले होते. वृंदावनाशी ऊस अजून उभे होते, चिंचा-आवळ्यांच्या डहाळ्या सुकल्या होत्या. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर आम्ही तंबू उभारला. खरे म्हणजे मी उभारला, कारण बूट काढण्यापूर्वीच चिरंजीव पथारीवर आडवे झाले होते. दव पडू लागले. मी बराच वेळ जागा होतो, आणि सवयीने त्याचे श्वास मोजीत होतो. मिनिटाला चौदा. बालरोगतज्ज्ञाच्या आयुष्यात मोजलेल्या श्वासांना गणती नाही. पण ते चौदा मला आजही आठवतात.

सकाळी म्हातारीने चहा-पाव दिला आणि पैशांचे नाव काढू दिले नाही. "देव बरें करूं" म्हणून आम्ही निघालो. मेळावा आम्ही पाहिलाच नाही.

पुढच्या वर्षी मात्र पाहिला, आणि त्याची तयारी श्रावणातच केली. आपल्या मंडळींपैकी काही तरुण या छंदाकडे वळले आहेत, म्हणून मुक्कामासंबंधी चार गोष्टी सांगतो.

मेळाव्याची नावनोंदणी आणि तंबूच्या जागेची नावनोंदणी या बहुधा निराळ्या असतात. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली, असे समजू नये. जागा मागताना आयोजकांना पाणी, शौचालय आणि रात्रीचा पहारा यांविषयी विचारावे, आणि तंबू व्यासपीठापासून व जनरेटरपासून किती लांब आहेत, तेही विचारावे. संगीत मध्यरात्री थांबले तरी इंजिने पहाटे सुरू होतात. आवारात जागा नसेल तर दहा-पंधरा किलोमीटर अलीकडच्या गावात सोय पाहावी. किनाऱ्यापासून जितके आत जावे, तितके अंगण मोठे आणि गर्दी कमी. खोली सांगितली असली तरी आदल्या दिवशी पुन्हा दूरध्वनी करावा. आणि मुक्कामी पोहोचायचे ते उजेडात. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात जमिनीचा उतार, मुंग्यांचे वारूळ किंवा कोरडा ओहोळ दिसत नाही.

दोघांसाठी तंबू तिघांचा घ्यावा. शिरस्त्राणे, जाकिटे आणि बूट आत ठेवावे लागतात. गाडी मऊ मातीत उभी करताना स्टँडखाली लाकडाची फळी ठेवावी, नाहीतर रात्री ती कलंडते, आणि तंबूच्या अंगावर कलंडली तर प्रसंग ओढवतो. शेगडी, निखारे किंवा स्टोव्ह थंडी कितीही असली तरी तंबूत नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट असते; डोके दुखते, झोप येते आणि ती झोप संपत नाही.

तंबूची साखळी सदैव बंद ठेवावी. आपल्या भागात मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि बरोबरीचे लोक 'झोप झाली नाही' म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवरची प्रतिसर्पविष लस ज्या रुग्णालयात मिळते, ते मुक्कामापासून किती दूर आहे, हे आधी ठाऊक असावे.

हे सारे वाचून कोणास वाटेल की हा पाश्चात्त्यांचा छंद, आपणास त्याची परंपरा कुठली? अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात स्टर्जिस नावाचे सातेक हजार वस्तीचे गाव आहे. तिथे १९३८ साली सुरू झालेल्या मेळाव्यास आता दर ऑगस्टमध्ये लाखो स्वार येतात, आणि गावकरी आपल्या घरापुढची हिरवळ तंबूंसाठी भाड्याने देतात. हे वाचले तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. ते वारीला जात. दिंडीतील एक तुकडी सामान घेऊन पुढे जाई आणि दिंडी पोहोचण्याआधी तळावर राहुट्या उभ्या राहत. पाण्याची सोय कुठे, स्वयंपाक कुठे, म्हातारी माणसे कुठे निजणार, सर्व ठरलेले. रात्रीच्या मुक्कामावाचून दिवसाची चाल ठरत नाही, हे वारकऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते. शिकलेल्या नातवाला ते केरीच्या अंगणात कळले.

आता दर वर्षी घाट उतरलो की आम्ही केरीला थांबतो. बेळगावचा कुंदा म्हातारीला आवडतो, पण डबा हाती घेण्यापूर्वी ती चिरंजीवांना विचारते, "रात्री झोपलास का?" तो 'हो' म्हणतो, आणि मग ती माझ्याकडे पाहते. मीही मान हलवितो. तेवढी तपासणी झाल्याशिवाय आम्हांस पुढे जाण्याची परवानगी नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज निवासी डॉक्टर आहेत. सुटी मिळताच ती गाडीवर बसून घराकडे निघतात, आणि आपण 'केव्हा पोहोचशील?' असे विचारतो. माझी विनंती एवढीच, की त्याआधी 'किती तास झोपलास?' असे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर म्हणावे, तिथेच थांब, झोप आणि उद्या ये. जेवण झाकून ठेवता येते.